काचेवरचा दोरा

माझ्या आत्याने आयुष्यभर फाटक्या चादरी शिवल्या. दवाखान्याच्या तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून, तिची एक अरुंद खोली होती. पायाने चालवायचं मशीन, एक लांब टेबल, आणि छताला टेकलेली एक खिडकी. त्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. शाळा सुटली की मी कधीकधी तिथे जाऊन बसायचे आणि पायांवरून माणूस कसा असेल ते ओळखायचा खेळ एकटीच खेळायचे.

चादर आधी मधोमध विरते, कारण माणूस मधोमध झोपतो. कडा मात्र कोऱ्याच राहतात. आत्या अशी चादर उभी मधून फाडायची, विरलेला भाग बाहेरच्या बाजूला न्यायची आणि कडेला कड जोडून त्या मधे घ्यायची. चादरीला नवं आयुष्य मिळायचं. ती पुन्हा विरली की तिचे उशांचे अभ्रे, अभ्रे विरले की पट्ट्या, पट्ट्यांचं उरलंसुरलं फरशी पुसायला. "आमच्याकडे काही मरत नाही," आत्या म्हणायची, "फक्त लहान लहान होत जातं." दवाखान्यात बसून हे बोलावं का, असं आई तिला हसत विचारायची. दवाखान्यात तिला सगळे शिवणबाई म्हणत.

आत्या राहायची आमच्याकडे. ती बाबांची धाकटी बहीण. तिचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, वायरमन होते. तारेचं भेंडोळं वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर टाकून फिरल्यामुळे त्यांचा तो खांदा उतरला होता. भेंडोळं नसलं तरी असल्यासारखे चालायचे म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मला ते आठवत नाहीत. मी नीट बोलायलाही लागले नव्हते तेव्हा ते एका सकाळी, परगावच्या कारखान्यात काम आहे म्हणून, डबा घेऊन निघाले आणि परत आले नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. कारखान्यात ते पोचलेच नव्हते. बाबांनी पोलिसांत वर्दी दिली, दवाखाने पालथे घातले, कोणी काही सांगेल तिकडे धावले. सासरच्यांनी काही महिने कळ काढली. मग ते तिच्याकडे असं बघू लागले, की जणू तिनेच त्यांना कुठेतरी ठेवून दिलंय आणि आता जागा आठवत नाही. तेव्हा बाबा जाऊन तिला घेऊन आले.

नवरा गेला असता तर रडून मोकळं होता आलं असतं. टाकून गेला असता तर चार शिव्या देता आल्या असत्या. आत्याला दोन्हींची सोय नव्हती. कोणी विचारलं, "यजमान काय करतात?" तर ती म्हणायची, "वायरमन आहेत." आणि मग 'आहेत' हा शब्द तोंडात खडा आल्यासारखा तिच्या चेहऱ्यावर दिसायचा.

त्याच दवाखान्यात, औषधाच्या खिडकीमागे एक कंपाउंडर होते. विधुर, मूलबाळ नाही, बोलणं मोजकं. मिश्रण बाटलीत ओतायचं, डोसाच्या खुणा पाडलेली डिंकाची कागदपट्टी जिभेला लावायची आणि बाटलीवर चिकटवायची, हे त्यांचं दिवसभराचं काम. "म्हणून मी कमी बोलतो," ते आम्हा मुलांना सांगायचे, "ओठ चिकटतात." त्यांच्या सदऱ्याला कायम खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास यायचा. त्यांच्या खोलीतली एकुलती एक चादर आत्याकडे शिवायला आली, एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा. तेव्हा धुलाईवाल्या बाया आत्याला म्हणाल्या, "शिवणबाई, चादर फाटत नाहीये, फाडली जातेय."

एका रविवारी ते आमच्या घरी आले आणि सरळ बाबांशी बोलले. "मला होकाराची घाई नाही. नकाराची भीती आहे, म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

बाबांनी ओळखीच्या वकिलाला विचारलं. सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर बाई मोकळी, असं वकील म्हणाला. सात वर्षं होत आली होती. आत्या कितीतरी दिवस नुसत्या चादरी शिवत राहिली. मग एका दुपारी ओट्याशी आईला म्हणाली, "वहिनी, त्यांच्या खोलीत खिडकीपाशी मशीन मावेल का हो?"

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. आमच्या घरात याहून स्पष्ट होकार कधी कोणी दिला नव्हता.

याच सुमाराला आमच्याकडे टीव्ही आला. आमच्या मजल्यावरचा पहिला. चार पायांचा, सरकत्या दारांचा, समोर निळसर काच लावलेला. आठवड्यातून एकदा संध्याकाळी एक मालिका लागायची आणि आमच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. पुढे मुलं, मागे बायका, दारात उभे पुरुष, 'आपण काही बघत नाही, सहज आलोय' असा चेहरा करून. समोरच्या काकूंची जागा ठरलेली होती, पडद्यासमोर अगदी मधोमध. त्या जागेवर कोणी बसलं तर त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या येऊन त्याच्यावर बसायच्या.

मालिकेत नोकरी करणारी एक मुलगी होती, तिला एक भाऊ होता, आणि ती फार रडायची. यापलीकडे मला त्या मालिकेची गोष्ट सांगता येत नाही. एकही भाग चुकवला नाही, तरी नाही.

त्या संध्याकाळी ती मुलगी बाजारातून रडत चालली होती. तेव्हाच्या मालिकेत सगळं खोलीतल्या खोलीतच घडायचं, त्यामुळे रस्ता दिसला की घरात जरा हालचाल व्हायची, जणू आपणच बाहेर पडलो. आत्या भिंतीला टेकून अभ्र्याला टीप घालत होती. तिची सुई थांबली.

"हे," ती म्हणाली.

"कोण हे?" बाबांनी विचारलं.

"हे. हे होते. मागे. दुकानाच्या पायरीवरून उतरले."

तोवर पडद्यावर पुन्हा खोली आली होती आणि भाऊ बहिणीला रागावत होता. बाबा उठून उभे राहिले. कोणाला काही दिसलं नव्हतं. सगळे त्या रडणाऱ्या मुलीकडे बघत होते, आणि का बघू नये? तिच्यासाठीच तर आले होते. आत्याने एकेकाला विचारलं. मला विचारलं, माझ्या दादाला विचारलं, दारातल्या पुरुषांना विचारलं. "खांदा उतरलेला. तुम्ही बघितलंत ना?" सगळे मान हलवत होते, पण ती मान हो म्हणत होती की नाही, ते कळत नव्हतं.

समोरच्या काकू म्हणाल्या, "अहो, पुन्हा दाखवतील की."

पण तेव्हा पुन्हा काही दाखवत नसत. जे गेलं ते गेलं.

बाबा आत्याला घेऊन टीव्हीच्या केंद्रावर गेले. मीही हट्टाने गेले. फाटकातल्या माणसाने बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. मग लांब व्हरांड्यातून एक दमलेले गृहस्थ आले, काखेत टेपांची चवड. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. तोडून बोलले असते तर बरं झालं असतं, असं बाबा नंतर म्हणाले.

"टेप पुसली जाते," ते म्हणाले. "एकदा कार्यक्रम गेला की त्याच टेपवर पुढचा. टेपा फार महाग येतात. तुम्ही म्हणता त्या टेपवर आत्ता शेतीचा कार्यक्रम आहे."

"तेवढंच दाखवलं तरी चालेल," आत्या म्हणाली. "सगळं नको. पायरीवरून उतरतात तेवढंच."

"बाई, तेवढंसुद्धा राहिलेलं नाही."

"मग ती पायरी कुठली?"

त्यांनी कपाळ चोळलं. रस्त्याचं चित्रण तीन ठिकाणी केलं होतं आणि जोडून टाकलं होतं. जाणाऱ्यायेणाऱ्यांना कोणी नाव विचारत नाही. कॅमेरा लावला की रस्ता आपोआप चालत असतो. त्यांनी तिन्ही ठिकाणं सांगितली. बाबा आणि कंपाउंडर दोन रविवार ती तिन्ही ठिकाणं पायाखाली घालून आले. पायरी नाही असं एकही दुकान तिथे नव्हतं. आतोबांचा लग्नातला फोटो त्यांनी दुकानदारांना दाखवला. एकजण म्हणाला, नवरदेवासारखे सगळेच दिसतात.

हो, कंपाउंडरही गेले होते. आत्याने त्यांना स्वतः सांगितलं होतं. औषधाच्या खिडकीशी रांगेत उभी राहून, आपली पाळी आल्यावर. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, "मग बघायला हवं. नीट बघायला हवं."

पुढच्या आठवड्यापासून ते मालिका बघायला आमच्याकडे येऊ लागले.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. रस्ता दिसला की सगळे एकदम बोट दाखवायचे आणि सगळ्यांचे डोळे फिरून त्या मुलीवरच यायचे. चेहरा रडत असला की नजर तिकडे जातेच, आपला त्यावर इलाज नसतो. तेव्हा कंपाउंडरांनी एक युक्ती काढली. आत्याकडून पांढरा दोरा मागून घेतला. एक दोरा काचेवर आडवा ताणला, एक उभा, आणि टोकं डिंकाच्या कागदपट्टीने चिकटवली. पडद्याचे चार चौकोन झाले. वरचा डावा त्यांचा, वरचा उजवा दादाचा, खालचा डावा आईचा आणि खालचा उजवा माझा. नियम एकच, आपला चौकोन सोडायचा नाही. मधे काहीही होवो, कोणी मरो, कोणाचं लग्न लागो. आत्या मात्र सगळ्यावरून नजर फिरवायची, हातात सुई तशीच धरून. बाबा म्हणाले, "मी असल्या पोरखेळात नाही," आणि पेपर डोळ्यांसमोर धरून बसले. पेपर उलटा नव्हता एवढंच. पान मात्र कधी उलटलं नाही.

समोरच्या काकू वैतागल्या. "अहो, हिच्या नाकावर दोरा येतोय."

"काकू, रडताना तसंही कुठे चांगलं दिसतं नाक," दादा म्हणाला.

"दोऱ्याकडे बघायचं की गोष्टीकडे?"

"तुम्ही गोष्टीकडे बघा," आत्या म्हणाली. "कोणीतरी बघायला हवंच."

आणि काकूंनी ते मनावर घेतलं.

खालच्या चौकोनात येऊन येऊन काय येणार? पाय. मी त्या मालिकेतले सगळे पाय पाहिले. ऑफिसातल्या शिपायाची एक वहाण करकरायची. भाऊ रागावला की अंगठा वर करायचा. रस्त्यावर सायकली, एक लंगडा कुत्रा, टोपलीतून गळणारं पाणी. शाळेत मुली विचारायच्या, "काय गं, तिने त्याला हो म्हटलं का?" मी सांगायचे, "कुत्रा परत आला होता." मैत्रिणी कमी झाल्या माझ्या त्या वर्षी.

आठवडे जात राहिले. कधी दादा ओरडायचा, "तो बघा," आणि तो तो नसायचा. कधी रस्ताच दाखवायचे नाहीत, सगळा भाग स्वयंपाकघरात. कधी मालिका मधेच थांबून व्यत्ययाची पाटी यायची आणि आम्ही चौघं त्या पाटीचेही चार चौकोन बघत बसायचो. कंपाउंडर कधी कंटाळले नाहीत. येताना माझ्यासाठी रिकाम्या छोट्या बाटल्या आणायचे, आल्यावर दोरा सैल झाला असेल तर ताणायचे, आणि गुडघ्यांवर हात ठेवून आपल्या चौकोनाकडे बघत बसायचे. ज्या माणसाच्या सापडण्याने त्यांचं सगळं जाणार होतं, त्याला ते इतक्या प्रामाणिकपणे शोधत होते की आईला बघवायचं नाही. "हा माणूस भला आहे की खुळा?" ती बाबांना विचारायची. बाबा म्हणायचे, "दोन्हींत फारसं अंतर नसतं."

मग पेपरात आलं, की मालिका लवकरच संपणार. त्या दिवशी आत्या आईजवळ बसली.

"वहिनी, मी ठरवलंय. शेवटच्या भागापर्यंत पुन्हा दिसले नाहीत, तर मला भास झाला होता असं समजेन. मग त्यांना सांगा, मशीन हलवायला हातगाडी बघून ठेवा म्हणून."

आईने बाबांना सांगितलं, बाबांनी कंपाउंडरांना. ते नुसतं "बरं" म्हणाले. पण पुढच्या वेळी आले तेव्हा सदरा नवा होता, आणि त्याला खोकल्याच्या औषधाचा वास नव्हता.

शेवटून दुसरा भाग. घर नेहमीपेक्षा जास्त भरलेलं. ती मुलगी बसच्या तळावर उभी होती, कोणाला तरी निरोप देत होती, मागे माणसांची ये-जा. समोरच्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला होता. माझ्या चौकोनात एक बोचकं होतं, दुसरं काही नाही.

"तिथे," कंपाउंडर म्हणाले. "खांबाजवळ. डावा खांदा."

ते हळूच म्हणाले होते. म्हणताना त्यांनी मान वळवून आत्याकडे पाहिलं. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तोवर बस मधे आली होती.

दादा म्हणाला, "मला काही दिसलं नाही." आई म्हणाली, "माझ्याकडे एक लहान पोर बूट आपटत होतं, तेवढंच." त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, खुद्द आईनेही नाही.

"तेच होते?" बाबांनी विचारलं.

"मी त्यांना कधी पाहिलेलं नाही," कंपाउंडर म्हणाले. "बाईंनी सांगितलं तसा खांदा होता. उतरलेला. डावा. एवढंच मी सांगू शकतो."

आत्याने सुई अभ्र्यात खोचली, अभ्रा घडी केला आणि आत गेली. मालिका चालू राहिली. लोक उठले, चपला शोधू लागले. बाबा कंपाउंडरांना सोडायला जिन्यापर्यंत गेले. मी त्यांच्या मागे होते.

"बोलला नसतात तरी चाललं असतं," बाबा म्हणाले.

"कोणाला?" कंपाउंडरांनी विचारलं.

बाबा कठड्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि कंपाउंडर जिना उतरून गेले.

शेवटच्या भागाला ते आले, दोराही ताणला, पण सगळी मालिका एका खोलीतच संपली. सगळे एकमेकांना मिठाई देत होते. रस्ता आलाच नाही. आत्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जिवंत माणूस बसच्या तळावर उभा आहे, म्हटल्यावर ती कशी म्हणणार? बाबा तिला समजवायला गेले, "चिमे, असेल तो. असला तरी आला का तुझ्याकडे?" ती म्हणाली, "दादा, ते मला ठाऊक आहे. पण दारात कोणी उभं असताना दार लावता येतं का?" बाबांनी बसचा तळही पालथा घातला. तिथे खांब होते.

वर्षभराने कंपाउंडरांनी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात बदली मागून घेतली. जाण्याआधी ते तळघरात येऊन आत्याला आपली चादर देऊन गेले. शिवायला नाही, दवाखान्याची होती म्हणून. आत्याने ती कडा मधे घेऊन शिवली आणि इतर चादरींत ठेवून दिली. ते वारल्याची बातमी पुष्कळ वर्षांनी आली, औषधं पोचवणाऱ्या एका माणसाकडून, सहज बोलता बोलता. आत्या तेव्हा मशीनमध्ये दोरा ओवत होती. तो तिला ओवता येईना. मी ओवून दिला.

काचेवरचा दोरा कोणी काढला, ते मला आठवत नाही. डिंकाचे चार डाग मात्र टीव्ही विकेपर्यंत होते. पुढे रंगीत टीव्ही आला, मालिका रोजच्या रोज येऊ लागल्या, आणि आत्याचं मालिकांवरचं लक्ष उडालं. ती बातम्या बघायची. पूर, मोर्चे, रांगा, सामन्याला जमलेली गर्दी. माणसं दिसली की ती किंचित पुढे झुकायची. बातमी कसली आहे, हे तिला विचारलं तर सांगता यायचं नाही.

आता ती माझ्याकडे असते. आई-बाबा गेले, दादा लांब असतो. गेल्या महिन्यात माझी मुलगी फोन घेऊन आली. "आई, तू सांगायचीस ती मालिका. कोणीतरी घरी टेप करून ठेवली होती, त्यातले शेवटचे काही भाग टाकलेत."

आधी मी एकटीने पाहिली. दुपारी, ओटा आवरून झाल्यावर, दार लोटून. बसचा तळ आला आणि मी थांबवलं. इतकं सोपं होतं ते. बोट ठेवलं आणि सगळं थांबलं, बाबांचे दोन रविवार, ते टेपवाले गृहस्थ, सगळे. खांबाजवळ एक माणूस होता. डावा खांदा उतरलेला. चित्र इतकं धूसर, की चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. पण आता मधे दोरा नव्हता, म्हणून मी तो माणूस डोक्यापासून पायांपर्यंत पाहिला. त्याने एका लहान मुलाचा हात धरला होता. मूल बूट आपटत होतं आणि हाताला ओढ देत होतं. मी बोट उचललं. माणसाने मुलाला दुसऱ्या बाजूला घेतलं, उजव्या हाताने धरलं. डावा खांदा वर आला, उजवा खाली गेला. मग बस मधे आली.

दाखवावं की नाही, हे मला चार दिवस ठरवता आलं नाही. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "आता काय उपयोग?" मुलीला विचारलं, ती म्हणाली, "तिचा हक्क आहे." दोघांचंही खरं होतं आणि दोघांचाही मला आधार नव्हता. शेवटी आत्यानेच विचारलं, "काय लपवतेयस गं? पोरगी फोन आणून देते काय, तू दार लावतेस काय."

तिचे डोळे अजून चांगले आहेत, शस्त्रक्रिया झाल्यापासून सुई ओवते. फोन तिने अगदी जवळ धरला.

"थांबव," ती म्हणाली. मी थांबवलं. "जरा पुढे." मी पुढे घेतलं. "परत मागे." असं किती वेळा झालं, कोण जाणे. मूल बाजू बदलायचं, खांदा बदलायचा, बस यायची.

"हे नव्हेत," आत्या म्हणाली.

मी तिच्या शेजारी सरकून बसले.

"वरच्या चौकोनात खांदा आणि खालच्या चौकोनात पोर. वहिनी म्हणाल्या होत्या, नाही का, बूट आपटतंय म्हणून." तिने पुन्हा मागे घ्यायला लावलं. "आणि त्यांनी मान वळवली."

"कोणी?"

"खांदा दिसला, तो सांगायला म्हणून माझ्याकडे मान वळवली त्यांनी. तेवढ्यात याने हात बदलला." तिने फोन मांडीवर ठेवला. "तेवढी वळवायला नको होती."

बाहेर कोणीतरी बादली ठेवली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग काढून घेतला. तो तिथे काय करत होता, मलाच कळेना.

"आणि पहिले?" तिने विचारलं. "पायरीवरून उतरले ते?"

"ते कुठेच नाही आत्या. ते पुसलं."

"हो. ते पुसलं," ती म्हणाली. "शेतीचा कार्यक्रम होता त्यावर."

मला वाटलं, आता ती फोन परत देईल. पण तिने तो पुन्हा उचलला आणि बोटाने स्वतःच सुरू केला, कसा कोण जाणे. पडद्याच्या मधोमध ती मुलगी बसला हात करत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. आत्या तिच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तिने तिला पहिल्यांदाच पाहिलं.

"ही का रडतेय एवढी?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "माझ्याकडे खालचा उजवा कोपरा होता."

"मग कोणाला माहीत असेल?"

"समोरच्या काकूंना माहीत होतं सगळं."

"त्या तर गेल्या," आत्या म्हणाली, आणि आम्ही दोघी ती मुलगी बसमागे धावताना बघत बसलो.